पहिला प्रश्न

दुपारी वाचनालयातून फोन आला. ‘मॅडम, नरहर कुरुंदकर गुरुजींवर बोलायला याल का?’ आणि माझ्या तोंडून निघालं, ‘प्रमाणपत्र मिळेल ना?’

तारीख विचारली नाही. किती माणसं येतात, कोण येतात, तेही नाही. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘देऊ की. छापून घेतो.’

ते गप्प होणं अजून जात नाही.

कॉलेजातल्या माझ्या बढतीची, म्हणजे स्थाननिश्चितीची, फाईल दोन वर्षं एकेका कागदावरून परत येतेय. 2010 ला बढतीसाठी प्राध्यापकाचं काम मोजणारे ते एपीआयचे गुण आले तेव्हा मी नवी होते. तेव्हापासून प्रत्येक चिठोरी जपायची सवय लागली. कितीही जपा, काहीतरी कमीच. परवा ऑफिसात जे ऐकलं ते... जाऊ दे.

गुरुजी आधी शाळेत मास्तर, मग नांदेडला पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, शेवटी तिथलेच प्राचार्य. शिकवायचे मराठी, आणि बोलायचे मनुस्मृतीवर, भरताच्या नाट्यशास्त्रावर, हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर. रणजित देसाईंना शिवाजी महाराजांवर लांबलचक पत्र लिहिलं, तीच ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना झाली. पत्र! माझ्या फॉर्ममध्ये ते कुठल्या रकान्यात लिहायचं? 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही झाली नव्हती.

अण्णांनी त्यांना ऐकलं होतं. त्या व्याख्यानांचा एकही कागद घरात नाही, पण अण्णा जेवता जेवता मुद्दे ओळीने सांगायचे. आई म्हणायची, भाजी निवतेय. मी मराठी घेतलं ते त्या ताटावर.

मग आज मी तो प्रश्न का विचारला?

संध्याकाळभर स्वतःला बोल लावून झाले. आता वाटतं, कागद मागण्यात काही वाईट नाही. मला तो लागतोच, वर्गातली मुलं उद्या नोकरीला लागली की त्यांनाही लागेल. तो पहिला मागितला, एवढंच टोचतंय.

आठ वाजता मीच फोन केला. किती जण येतात विचारलं. ‘तीस-पस्तीस. शेतातून येतात, थोडा उशीर होतो.’ प्रमाणपत्र राहू द्या म्हणणार होते. म्हटलं नाही. विषय त्या पत्राचा घेते म्हणाले. शेवटची एसटी साडेनऊची आहे, तेव्हा सातला सुरू करायचं ठरलं.