तंबूत झोपलात तर नोंद कोण करणार?

परदेशात कॅम्पिंगला चाललोय म्हटलं की लोक तंबू कुठला, स्लीपिंग बॅग कितीची, एवढंच विचारतात. रात्री तुम्ही कुठे झोपलात हे सरकारला कोण कळवणार, हे कोणी विचारत नाही. माझ्या डोक्यात तो प्रश्न आला तो आईमुळे. गोव्यात मांद्र्याला आमच्या घरी खोल्या भाड्याने देतो, त्यामुळे विदेशी पाहुणा दारात आला की चहाच्याही आधी आई पासपोर्ट मागते, कारण पाहुण्याची माहिती सरकारला कळवायचा सी फॉर्म २४ तासांत गेलाच पाहिजे. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन २०२५ चा नवीन कायदा आला, तरी घरमालकाची यातून काही सुटका नाही. आणि जे विदेशी शेजारच्या हरमलला व्हॅन घेऊन येतात, व्हॅनमध्येच झोपतात, त्यांना बघून ती मला विचारायची, "तांचो फॉर्म कोण भरता रे?"

तर मुद्दा हाच. बऱ्याच देशांत नोंदीचं काम छप्पर देणाऱ्यावर असतं, हॉटेल असो की घर, तोच कळवतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तंबूत छप्पर तुमचंच, म्हणजे कळवायला मधे कोणी उरतच नाही, आणि मग ते काम गुपचूप तुमच्या गळ्यात येतं.

उझबेकिस्तानचंच घ्या. तिथे तीन दिवसांच्या आत नोंद लागते. हॉटेलवाला ती ऑनलाइन करतो आणि मागितली तर छोटीशी चिठ्ठी देतो. पण आयदारकुल तलावाच्या काठाला किंवा चिमगानच्या डोंगरात तंबू ठोकलात तर चिठ्ठी देणार कोण? सायकलवाले आणि ओव्हरलँडर, म्हणजे गाडीने देशोदेशी फिरणारे लोक काय करतात, दोन रात्री रानात काढतात आणि मग एक रात्र गेस्टहाऊसमध्ये, आंघोळ होते, फोन चार्ज होतो आणि नोंदही होते. मला तर हा उपाय सगळ्यात बरा वाटतो, कारण नोंदीसाठी पोर्टल, ॲप वगैरेवर डोंगरात भरवसा ठेवायचा म्हणजे आधी रेंज पाहिजे ना! त्या चिठ्ठ्या मात्र देशाबाहेर पडेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवा, फोटो पण काढून ठेवा.

सर्बिया आणखी कडक, तिथे २४ तासांत. हॉटेल नसेल तर ज्याच्या घरी राहताय तो, नाहीतर तुम्ही स्वतः पोलीस स्टेशनला.

नॉर्वेत उलट मजा, नोंदीची कटकट नाही आणि १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू लावायचा हक्कच आहे. फक्त घरापासून १५० मीटर लांब, आणि वस्तीजवळ असाल तर एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असल्यास जमीनमालकाला विचारायचं. पण नॉर्वेसकट शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमधल्या, पैसे भरून राहायच्या कॅम्पसाइटवर पासपोर्ट मागून फॉर्मवर सही घेतली तर चिडू नका, शेंगेनच्या अंमलबजावणी करारातल्या कलम ४५ मध्ये हॉटेलबरोबर तंबू, कॅराव्हॅन, बोटी सगळं नाव घेऊन लिहिलंय.

आता आमच्या गोंयकारांसाठी, म्हणजे गोवेकरांसाठी खास. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना उझबेकिस्तान, सर्बियाला व्हिसा लागत नाही, त्यामुळे काहीजण छाती काढून सांगतात की आम्हाला काही करावं लागत नाही. व्हिसा वेगळा आणि नोंद वेगळी बाबांनो! सीमेवर तुमच्या पासपोर्टचा रंग बघून कोणी चिठ्ठी माफ करत नाही. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पुरावा द्यावा लागतो, तिथे "रानात झोपणार" असं लिहून चालत नाही, तेव्हा अधूनमधून एखाद्या कॅम्पसाइटचं बुकिंग खरोखर करा आणि तिथे खरोखर राहा पण. खोटं बुकिंग लावून नंतर कॅन्सल करायचा सल्ला देणारे खूप भेटतील, मी देणार नाही.

नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघा, आणि ज्या देशात पहिल्याच रात्री रानात झोपायचा बेत असेल तिथे "पहिली नोंद कधीपर्यंत आणि कोणी" हे दोनच प्रश्न वकिलातीला मेलवर विचारून ते उत्तर प्रिंट करून बॅगेत टाका.