वाडीचा झरा, मंडळीचा निधी: दोन सभांमधून गेलेलं पाण्याचं काम

मुंबईतली आमची बॅप्टिस्ट मंडळी (ख्रिस्ती चर्च) आणि रत्नागिरी जिल्ह्यातली, खाडीच्या वरच्या अंगाची ३४ घरांची एक वाडी यांनी मिळून नळपाण्याचं काम केलं. पाइप आणि टाकीचं काम चार महिन्यांत उरकलं, त्याआधीच्या कागदांना चौदा महिने लागले. कुणाला असं काम हातात घ्यायचं असेल तर वेळेचा अंदाज याच प्रमाणात धरावा.

गावात पहिल्या भेटीला जाताना एक गोष्ट पक्की करून जायची: कबूल काही करायचं नाही. बॅप्टिस्ट मंडळीला वर बिशप नसतो की हुकूम काढणारं मुख्यालय नसतं. प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र, आणि पैशाचा निर्णय सभासद सभेचा. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, गावात ‘करू’ म्हटलं तरी त्यावर एक रुपया हलत नाही. गावाला हे विचित्र वाटतं. पांढऱ्या शर्टातला माणूस आला म्हणजे तोच साहेब, असं गृहीत धरलेलं असतं. खरं तर वाडीचीही तऱ्हा तीच. गावकर, म्हणजे वाडीचे प्रमुख, मान हलवतात, चहा येतो, आणि उठता उठता कळतं की मुंबई मंडळाला विचारल्याशिवाय काही होणार नाही. चाकरमान्यांचं हे ग्रामस्थ मंडळ रविवारी बसतं, आणि रविवारी सकाळी आमची उपासना. शेवटी बैठकीची वेळ दुपारी चारची ठरली.

गावातल्या बैठका गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात लावाव्यात. वाडीत सगळे असतात ते तेव्हाच. जुलैत, लावणीच्या दिवसांत, कुणाला बोलावूसुद्धा नये.

कोकणात मिशन म्हटलं की लोकांना दवाखाना किंवा शाळा आठवते. १८२३ मध्ये बाणकोटला स्कॉटिश मिशनरी उतरले, तेव्हापासूनचा तो वारसा, आणि तो आमचा नाही. बॅप्टिस्टांचा मराठीशी संबंध आला तो बंगालमधून. श्रीरामपूरला बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये बायबलचा नवा करार छापला. त्याच कॅरींनी १८२० मध्ये कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था उभी केली. सभासद सभेत ‘सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सोडून पाइप कशाला’ असा प्रश्न आला, तेव्हा हे शेवटचं उदाहरण उपयोगी पडलं. या वाडीत मात्र आमची ना जमीन, ना शाळा, ना एकही सभासद. आम्ही पाहुणे, आणि कागद पाहुण्यांचेच केले.

पहिला कागद मंडळीचा स्वतःचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळ्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात. न्यासपत्रातलं उद्देशांचं कलम वाचा. ‘उपासना व सभासदांचे कल्याण’ एवढंच असेल, तर परक्या वाडीत टाकी बांधणं उद्देशाबाहेरचा खर्च ठरू शकतो. उद्देश बदलायचे तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं आणि तो लांबचा रस्ता आहे. आमच्या न्यासपत्रात ‘जातधर्म न पाहता लोकोपयोगी काम’ हे शब्द जुन्या माणसांनी घालून ठेवले होते म्हणून वाचलो. निधीचं खातं वेगळं ठेवलं, आणि रविवारच्या दानातून एक पैसाही न घेता त्याच कामासाठी लिहून दिलेली देणगी तेवढी घेतली. देणगीदार आयकर सवलतीची ८०जीची पावती मागतात. धार्मिक न्यासाला ती देता येत नाही, हे आधीच सांगून टाकावं.

परदेशातल्या एका भगिनी मंडळीने मदत देऊ केली. २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याची नोंदणी नसेल तर परक्या नागरिकाने किंवा संस्थेने दिलेली रक्कम रुपयांतही घेता येत नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत वळवणं २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं. आभार मानून नकार कळवला. पर्यटक व्हिसावर येऊन मिशनचं काम करणंही बेकायदा, त्यामुळे ‘पाहायला तरी येतो’ हेही टाळलं.

ग्रामपंचायतीचा ठराव ग्रामसभेतच व्हायला हवा. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: झऱ्याची जागा गट क्रमांकासह, काम पूर्ण झाल्यावर मालकी कुणाची, दुरुस्ती कुणी करायची, आणि जलजीवन या सरकारी नळपाणी योजनेच्या आराखड्यात ही वाडी आहे की नाही. चौथी गोष्ट विसरलात तर एकाच वाटेवर दोन पाइपलाइनी पडतात. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल हातात आल्याशिवाय सामानाची ऑर्डर देऊ नका.

मग सातबारा. झरा ज्या जमिनीत, तिला अकरा सहहिस्सेदार. सात मुंबईत, एक सुरतेला. तोंडी सगळे ‘घ्या की पाणी’ म्हणतात. तोंडी संमती पहिल्या वादापर्यंतच टिकते. अकराही सह्यांचं संमतीपत्र मुद्रांकावर केलं आणि टाकीच्या साडेतीन बाय साडेतीन मीटर जागेचं बक्षीसपत्र ग्रामपंचायतीच्या नावाने नोंदवलं. मंडळीच्या नावाने काही घ्यायचं नाही, हे सभासद सभेने आधीच ठरवलं होतं. चौदांतले सहा महिने या सह्यांनी खाल्ले.

सभासद सभेने अट एकच घातली. पहिला नकाशा २५ घरांचा निघाला होता आणि बौद्धवाडीची खालची ९ घरं त्यात नव्हती. कारण काय तर ‘तिथवर दाब जाणार नाही’. ती घरं उताराला, म्हणजे दाब तिथे उलट जास्तच. एकच लाइन, एकच वाल्व, एकच वेळ, आणि हे करारात लिहून. नाहीतर निधी नाही. दोन बैठका याच मुद्द्यावर गेल्या. तिसरीत मान्य झालं.

दुसरी अडचण आमच्या बाजूची. झरा देवराईच्या कडेला. देवाला गाऱ्हाणं (साकडं) घातल्याशिवाय आणि नारळ ठेवल्याशिवाय तिथे कुदळ लागत नाही. आमच्यातल्या काहींना वाटलं, हजर राहिलो तर विश्वासाशी तडजोड. काहींना वाटलं, न जाणं म्हणजे अपमान. ठरलं ते असं: गाऱ्हाणं वाडीचं, वाडीच्या खर्चाने, आम्ही चपला काढून शेजारी उभे राहायचं, प्रसाद घ्यायचा की नाही ते ज्याचं त्याने पाहायचं. आणि पाण्याच्या कामाच्या दिवशी वाडीत प्रार्थनासभा नाही, पत्रकं नाहीत, बाप्तिस्म्याचा विषय नाही. कुणी आपणहून विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, पण पाइपाजवळ नाही. हे बंधनही लिहून दिलं, आणि पुढच्या कामात सर्वांत जास्त उपयोग याच कागदाचा झाला. टाकीवर मंडळीचं नाव नाही.

आता पाणी. झरा मोजायचा तो मे महिन्यात. नोव्हेंबरातला आकडा काही कामाचा नाही. २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ एवढं पुरतं. सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ मोजा. आमची बादली दोन मिनिटांत भरली: मिनिटाला १० लिटर, दिवसाला १४,४०० लिटर. माणशी ५५ लिटर धरले तर १४० माणसांना ७,७०० लागतात, म्हणजे पाणी भरपूर. पण मेमध्ये चाकरमानी येतात, वाडी २८० होते आणि गरज १५,४०० वर जाते. झरा सगळ्यात बारीक असतो तेव्हाच माणसं दुप्पट असतात. टाकीचं माप यावरून ठरवा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा पाणी सोडायचं, तर रात्रभरात टाकीत सुमारे ६,९०० लिटर जमतात. आम्ही १०,००० ची घेतली. एक हिशोब सभासद सभेत फार चालला: बाप्तिस्म्याच्या हौदाला सुमारे ३,००० लिटर लागतात, आणि तेवढ्यावर वाडीतली ५४ माणसं दिवस काढतात.

झऱ्याची पेटी हा सगळ्यात नाजूक भाग. आमच्या सड्याची, म्हणजे कातळी पठाराची, रचना अशी: वर जांभा, त्याखाली शेडूचा चिकट थर, त्याखाली काळा कातळ. पाऊस जांभ्यातून मुरतो, शेडूवर अडतो आणि उतार संपतो तिथे बाहेर येतो. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग नको, जेसीबी नको, खोल खणणंही नको. शेडू फुटला की पाणी खाली निघून जातं आणि परत येत नाही. हाताने माती काढत पाण्याचा डोळा (पाणी फुटतं ती जागा) सापडेपर्यंत मागे जायचं. तिथे मोठे धोंडे, पुढे मूठभर आकाराचे, मग वाळू, आणि समोर चिऱ्याची भिंत. भिंतीतली ओव्हरफ्लोची नळी त्या पाण्याच्या डोळ्याच्या पातळीच्या खालीच बसवायची. पाणी जास्त साठावं म्हणून ती वर घेण्याचा मोह गवंड्याला हमखास होतो. मग मागे दाब तयार होतो आणि झरा बाजूला दुसरी वाट शोधतो. वर स्लॅब, त्यावर माती, आणि मागच्या अंगाला पावसाचं पाणी वळवणारा चर. ओव्हरफ्लो पऱ्यालाच (ओढ्यालाच) जाऊ द्यायचा, खालच्या गुरांचं पाणी त्यावर आहे.

पेटीपासून टाकीपर्यंत ६०० मीटर अंतर, १८ मीटर उतार. हिशोबाने ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप मिनिटाला वीसच्या पुढे लिटर नेतो, म्हणजे पुरतो. आम्ही ४० चा टाकला, कारण गाळ आणि हवा. पाइप जिथे उंचवट्यावर चढतो तिथे हवा अडकते आणि झरा वाहत असूनही टाकीत थेंब पडत नाही; तिथे एअर वाल्व. जिथे खाली उतरतो तिथे गाळ काढायला तोंड. मातीत दोन फूट खोल पुरायचा. सड्यावर कातळात खणता येत नाही म्हणून लोक पाइप उघडा सोडतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात तो मेणासारखा वितळतो. त्या ७० मीटरला जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप घातला. रानडुकरं ओल्या जागी उकरतात, तेव्हा सांध्यांवर दगड रचलेले बरे.

टाकी फेरोसिमेंटची, २.६ मीटर व्यास, १.९ मीटर उंची, कोंबडीजाळीचे दोन थर. ती डिसेंबरातच बांधायची. चौदा दिवस ओली ठेवायला लागते आणि एप्रिलमध्ये त्याला पाणी आणणार कुठून? शेजारच्या गावात मेमध्ये बांधलेली टाकी केसासारख्या भेगांनी आजही झिरपते.

वाडीचा वाटा: घरटी १,५०० रुपये आणि दहा दिवसांचं श्रमदान, हजेरीवहीत सहीसह. आधी ‘जमेल तसं’ असं लिहिलं होतं. मग पाच घरंच रोज येत राहिली. महिन्याला घरटी ६० रुपये पाणीपट्टी, खातं वाडीच्या पाणी समितीचं, सह्या दोन आणि त्यांतली एक बाईमाणसाची. वाल्व सोडणाऱ्याला मानधन त्यातूनच. फुकट सोडणारा लावणीच्या दिवसांत गायब होतो.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला २५ ग्रॅम. बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी टाकीत, अर्ध्या तासाने नळ. डबा पावसाळ्यात उघडा राहिला की पावडर दमट होऊन नुसता चुना उरतो. वासावर भरवसा न ठेवता नळाच्या टोकाला ओटी (क्लोरीन मोजायची) तपासणी करावी. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवा.

पत्र्याच्या पेटीत दोन कपलर, एक वाल्व, हॅक्सॉ, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि पाइपवाटेचा नकाशा ठेवून किल्ली समितीकडे दिली. पुढच्या वर्षी मंडळीने घरोघर नळ द्यायचं सुचवलं. वाडीने बैठक घेतली, मेमधली बादलीची नोंद काढली आणि दुसरी टाकी होईपर्यंत नामंजूर केलं. ठराव वहीत लिहून त्याचा फोटो आम्हाला पाठवला.