उपसा चाचणीची लॉगरची फाईल विश्लेषणाला लावताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या एका गावाच्या पाणीपुरवठ्याच्या बोअरवर मे महिन्यात आठ तासांची उपसा चाचणी घेतली, म्हणजे ठरावीक दराने पाणी उपसत पातळी कशी उतरते ते मोजलं. दाब मोजणाऱ्या लॉगरमधून उतरवलेली तिची फाईल सॉफ्टवेअरमध्ये घालण्याआधी काय काय करावं लागलं ते इथे लिहितो. सूत्रं पुस्तकांत मिळतात. फाईल तयार करण्याचं काम मात्र जो तो आपापल्या परीने उरकतो, आणि चुकीचे आकडे बहुतेक वेळा तिथूनच निघतात.

आधी बोअरची माहिती. साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमी व्यास, खोली ९० मीटर. वर मुरूम, मग काळा पाषाण, त्याखाली सच्छिद्र खडक आणि २६ मीटरवर लाल गेरूचा थर. गेरूच्या लगेच वरच्या सांध्यातून पाणी येतं, बाकीचं खालच्या भेगांतून. स्थिर पातळी १४.२ मीटर. मोटार ७० मीटरवर आणि लॉगर ४० मीटरवर. लॉगर मोटारीच्या पाइपाला बांधू नये. मोटार सुरू होताना पाइप हिसका देतो, दोरी सरकते आणि आलेखात खोटी पायरी उमटते. आम्ही एक इंची पीव्हीसी पाइप खालच्या टोकाला चिरा पाडून वेगळा सोडला आणि लॉगर त्यात उतरवला. लॉगरची क्षमता ३० मीटर पाण्याची, वर पाणी २५.८ मीटर. याहून बरंच खाली सोडला असता तर सेन्सर क्षमतेबाहेर गेला असता. वर ठेवला असता तर पातळी त्याच्याखाली उतरल्यावर तो फक्त हवेचा दाब नोंदवत बसला असता, आणि ती सपाट रेघ पाहून पातळी स्थिरावली असं वाटलं असतं.

फाईल उघडल्यावर पहिली पडताळणी पाणीपातळी मोजायच्या टेपशी. लॉगरच्या एकूण दाबातून हवेचा दाब वजा करून मीटर काढले तर २५.६५ आले आणि टेप २५.८ दाखवत होती. हा १५ सेंटिमीटरचा फरक दोरीच्या नावावर टाकून सरसकट मिळवून द्यायचा मोह होतो. कारण वेगळं आहे. लॉगरचं सॉफ्टवेअर १ किलोपास्कल म्हणजे ०.१०१९७ मीटर धरतं. हा आकडा ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी आणि ९.८०६६५ या प्रमाण गुरुत्वासाठी आहे. आपल्या बोअरमधलं पाणी २७ अंशांचं, त्याची घनता ९९६.५, आणि या अक्षांशावर, या उंचीवर गुरुत्व ९.७८४ च्या आसपास. त्या हिशेबाने १ किलोपास्कल म्हणजे ०.१०२५७ मीटर. फरक अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, पण २५ मीटरवर तो १५ सेंटिमीटर होतो आणि १३ मीटरवर ८. म्हणजे चूक पातळीबरोबर बदलत जाते. एकच आकडा मिळवून ती जात नाही, गुणकच बदलावा लागतो. गुणक बदलल्यावर टेप आणि लॉगर सेंटिमीटरभरात जुळले.

हवेचा दाब वेगळ्या बॅरो-लॉगरने, त्याच ठिकाणी मोजावा. हवामान खात्याच्या बातमीपत्रातला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. लातूरचं पठार सहाशे मीटरच्या वर आहे, इथे प्रत्यक्ष दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तो छापील आकडा तसाच वजा केला तर पातळी पाऊण मीटरच्या आसपास चुकते. शिवाय आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. चाचणीच्या दिवशी तो या वेळात ३.६ हेक्टोपास्कल उतरला, म्हणजे ३.७ सेंटिमीटर पाणी. चाचणी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच होती, त्यामुळे ही घट नेमकी उपशाच्या उताराला, म्हणजे पातळी जितकी खाली गेली त्याला, जाऊन मिळते. उपशाच्या बोअरमध्ये पातळी १३ मीटरहून जास्त उतरली, तिथे हे नगण्य. पण ८५ मीटरवरच्या शेतातल्या निरीक्षण बोअरमध्ये एकूण उतारच ३१ सेंटिमीटर होता. तिथे दुरुस्ती केली नाही तर बारा टक्के उतार निव्वळ हवेचा.

इथे आणखी एक पायरी राहून जाते. हवेचा दाब वजा केल्यावर खरी पाणीपातळी मिळते, पण बंदिस्त जलधरात, म्हणजे वर घट्ट थराने झाकलेल्या पाणी धरणाऱ्या खडकात, ती पातळीही हवेच्या दाबाला प्रतिसाद देते: दाब उतरला की पाणी थोडं वर येतं. किती वर येतं ते चाचणीआधीच्या दोन दिवसांच्या नोंदीतून काढलं. निरीक्षण बोअरमध्ये दाबातल्या बदलाच्या ०.४ पट आलं, म्हणजे दिवसाअखेर दीड सेंटिमीटर. तेवढं उतारात परत मिळवलं. बॅरो-लॉगर मात्र सावलीत, पंपघराच्या आत टांगावा. मेच्या उन्हात पत्र्याखाली तापलेला सेन्सर दाबात स्वतःच्या तापमानाची भर घालतो. पाण्यातला लॉगरही जीपमधून गरम झालेला उतरतो, म्हणून त्याच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी मी धरत नाही.

घड्याळांचं थोडक्यात. दोन्ही लॉगर, लॅपटॉप आणि उपसा मोजणाऱ्याचा मोबाईल एकाच वेळेला लावावेत. एखादा लॉगर जागतिक वेळेवर असतो आणि फाईल साडेपाच तास मागे दिसते. एक्सेलमध्ये तारीख आधी की महिना आधी हा घोळ तर ठरलेला: बारा तारखेपर्यंतचे दिवस उलटे वाचले जातात आणि तेरापासून पुढचे नुसता मजकूर होऊन बसतात. मी तारखेचा स्तंभ लगेच चाचणी सुरू झाल्यापासूनच्या सेकंदांत बदलून घेतो.

दाबाइतकंच महत्त्व उपशाच्या नोंदीला आहे, आणि फाईल तयार करताना दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. पातळी खाली जाते तसं मोटारीला जास्त उंचीवर पाणी ढकलावं लागतं आणि उपसा आपोआप घटतो. म्हणून व्हॉल्व सुरुवातीला अर्धवट बंद ठेवायचा आणि पुढे थोडा थोडा उघडत जायचा. २०० लिटरचं बॅरल भरायला २५० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ०.८ लिटर. बोअरवाले ज्याला दोन इंच पाणी म्हणतात ते हेच: प्रवाह मोजायच्या ९० अंशांच्या व्ही आकाराच्या खाचेवर (व्ही-नॉचवर) दोन इंच उंचीला ०.८ लिटर येतं. पहिल्या तासात दर दहा मिनिटांनी बॅरल लावलं, पुढे दर अर्ध्या तासाने. वीज जनरेटरची घेतली, कारण शेतीच्या फीडरवर व्होल्टेज हललं की उपसा हलतो. उपसलेलं पाणी पाइपाने ओढ्यापलीकडे सोडलं. मे महिन्यात काळ्या रानाला हातभर भेगा असतात, जवळ सोडलेलं पाणी त्यांतून थेट खाली मुरतं.

आता चाचणीआधीच्या दोन दिवसांच्या नोंदीकडे. त्यांत पातळी रोज रात्री लाईट आली की ६ ते ८ सेंटिमीटर उतरत होती आणि लाईट गेली की वर येत होती. आजूबाजूच्या बहुतेक मोटारींना ऑटो स्विच आहेत, तीन फेज आली की त्या एकदम सुरू होतात. त्या आठवड्यात फीडरला रात्री दहापासून लाईट होती, म्हणूनच चाचणी दिवसा ठेवली होती. संध्याकाळी पाचला मोटार बंद केल्यापासून रात्री दहापर्यंतचीच चढती पातळी मी विश्लेषणात घेतली, पुढची कापली. ती कापताना फाईलमध्ये कारण लिहिलं: फीडर सुरू. नोंदीला कारण देता येत नसेल तर मी ती काढत नाही.

हे महत्त्वाचं ठरलं ते पाचव्या तासाला. साधारण ३०० मिनिटांनी उतार अचानक तीव्र झाला आणि रेघ थरथरू लागली. पाहणाऱ्याला पहिला संशय शेजारच्या मोटारीचा किंवा बिघडलेल्या सेन्सरचा येतो. माझी कसोटी अशी: वळण वेळेला बांधलेलं आहे की खोलीला? मोटारीचं वळण फीडरच्या वेळेला येतं. खडकाचं वळण एका खोलीला येतं आणि पाणी परत चढताना त्याच खोलीवर पुन्हा दिसतं. इथे पातळी बरोबर २६ मीटरवर होती, गेरूवरचा सांधा उघडा पडला होता. मोटार बंद झाल्यावर पातळी चढताना २६ मीटरवरच चढण्याचा वेग बदलला. थरथर होती ती सांध्यातून खाली पडणाऱ्या पाण्याची. ही नोंद सरासरी काढून गुळगुळीत केली असती तर गावासाठी सर्वांत कामाची माहिती गेली असती: पातळी २६ मीटरच्या खाली नेली की बोअर एक झरा गमावतो.

शून्य वेळ मी घड्याळावरून ठरवत नाही, नोंदींवरून ठरवतो. पहिल्या मिनिटात पाणी बहुतेक बोअरच्या पोटातलंच येतं. १६५ मिमीच्या बोअरमध्ये मीटरला २१.४ लिटर मावतात, म्हणून ०.८ लिटर उपशाला पातळी मिनिटाला सव्वादोन मीटरच्या वेगाने पडायला हवी. साध्या आलेखावर या पहिल्या बिंदूंची सरळ रेघ मागे शून्य उतारापर्यंत ओढली की मोटार खरोखर सुरू झाल्याचा क्षण मिळतो. लिहिलेल्या वेळेपेक्षा तो १२ सेकंद पुढे निघाला. शंभराव्या मिनिटाला १२ सेकंदांनी काही बिघडत नाही, पण पहिल्या मिनिटातले बिंदू लॉग कागदावर पार वाकडे होतात. या रेघेचा उतार सव्वादोन मीटरशी जुळला तर बॅरलचं मोजमापही तपासून होतं.

त्यानंतर नोंदी विरळ करणं. दर सेकंदाची नोंद आठ तासांत २८,८०० ओळींची होते आणि त्यातल्या बहुसंख्य शेवटच्या तासांतल्या. ठरावीक अंतराने ओळी उडवल्या तर सुरुवात नाहीशी होते. मी वेळेच्या प्रत्येक दहापटीत ३० खण पाडतो आणि प्रत्येक खणाचा मध्यक घेतो. मध्यकाने एखादी सुटी उसळी आपोआप गळते. दहापट म्हणजे १ ते १० मिनिटं, १० ते १००, अशी.

मग डेरिव्हेटिव्ह काढायचा, म्हणजे वेळेच्या लॉगरिदमच्या तुलनेत उतार बदलण्याचा वेग. ही पद्धत तेलविहिरींच्या चाचण्यांतून आली, बूर्दे आणि सहकाऱ्यांनी ती १९८० च्या दशकात रुळवली. तिथे गेज हजारो पीएसआय दाबात असतो आणि भरलेल्या विहिरीतला साठवण-परिणाम (विहिरीच्या पोटातल्या साठ्याचा सुरुवातीच्या नोंदींवरचा परिणाम) द्रवाच्या दबण्यातून येतो. आपल्याकडे तो पातळी पडण्यातून येतो, म्हणून कितीतरी जास्त वेळ टिकतो. बाकी तयारी सारखीच: एकच वेळ, उपशाची पूर्ण नोंद, आणि डेरिव्हेटिव्ह काढताना दोन्ही बाजूंचे बिंदू लॉग मापात किमान ०.२ अंतरावरचे. अंतर कमी घेतलं तर नुसता गोंगाट दिसतो, ०.५ च्या पुढे गेलं तर २६ मीटरचं वळण पुसट होतं.

डेरिव्हेटिव्ह ४० ते ३०० मिनिटांत सपाट होता, ०.८२ मीटरवर. त्याला २.३ ने गुणलं की दहापटीमागचा उतार १.९ मीटर. कूपर आणि जेकब यांच्या १९४६ च्या पद्धतीने ट्रान्समिसिव्हिटी (खडकाची पाणी वाहून नेण्याची क्षमता) म्हणजे ०.१८३ गुणिले उपसा भागिले हा उतार. उपसा दिवसाला ६९.१ घनमीटर, उत्तर ६.७ चौरस मीटर प्रतिदिन. हाच आकडा घेऊन साठवण-परिणाम कधी संपतो ते तपासलं: त्रिज्येचा वर्ग गुणिले २५ भागिले ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे ३७ मिनिटं. ४० मिनिटांनंतरचे बिंदू धरणं योग्य होतं. हेच सूत्र सहा मीटर व्यासाच्या जुन्या विहिरीला लावलं तर महिन्याहून जास्त वेळ येतो. आड-विहिरींच्या चाचणीला कूपर-जेकब लावूच नये, तिथे पापाडोपुलोस आणि कूपर यांची १९६७ ची मोठ्या व्यासाची पद्धत लागते.

चढत्या पातळीच्या नोंदी मी जास्त विश्वासाच्या मानतो, कारण तेव्हा उपसा नक्की शून्य असतो. अट एक: पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व हवा. तो नसेल तर सव्वा इंची पाइपातलं मीटरला सुमारे ०.८ लिटर पाणी मागे पडतं, पाणीपातळीच्या वरच्या सुमारे २७ मीटर पाइपातून साधारण २२ लिटर. त्याने पातळी एकदम मीटरभर उसळते आणि पहिली काही मिनिटं वाया जातात. इथे व्हॉल्व ठीक होता. चढत्या नोंदींतून दहापटीमागे २ मीटर आणि ट्रान्समिसिव्हिटी ६.३ आली.

फाईल पुढे देताना मूळ नोंदी एका पानावर, कोणताही हात न लावता. दुसऱ्या पानावर सेकंद, एकूण दाब, हवेचा दाब, पाण्याचे मीटर, दुरुस्त उतार आणि त्या वेळचा उपसा. शेवटच्या स्तंभात काढलेल्या प्रत्येक ओळीचं कारण. टेपची आधीची आणि नंतरची मोजमापं वर लिहिली, गुणक ०.१०२५७ हाही लिहिला. ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्रात एवढंच: मोटार आहे तिथेच ठेवा, सलग उपसा चार तासांच्या वर नेऊ नका, आणि पातळी २६ मीटरवर येण्याआधीच मोटार थांबेल असा ड्राय-रन सेन्सर २५ मीटरवर बसवा.