थर्मंड, वस्ती पाच

थर्मंडची लोकसंख्या पाच आहे. पुढे हजार लिहायचं राहिलेलं नाही, नुसती पाच. २०१० च्या जनगणनेत पाच, २०२० मध्येही पाच. तरी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं हे रीतसर नगरपालिका असलेलं गाव. फेब्रुवारी २०१५ मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांशी भेदभाव करायला बंदी घालणारा ठराव इथे पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, त्याची देशभर बातमी झाली. आपल्याकडे पाच घरांच्या वाडीतही एकमत व्हायची मारामार!

गाव न्यू रिव्हरच्या खोल दरीत आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला उभा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे रूळ. मेन रोडला जागाच उरली नाही. बँक, दुकानं, सगळी रुळांकडे तोंड करून बसलेली. उंबरा ओलांडला की समोर मालगाडी. मोटारीचा रस्ता यायला १९२१ उजाडलं.

१८७३ मध्ये कॅप्टन विल्यम थर्मंड यांना मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून ही ७३ एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी रेल्वे पूर्ण झाली आणि दरीतला कोळसा बाहेर पडायला लागला. कॅप्टन पक्के बाप्टिस्ट (हा एक ख्रिस्ती पंथ), आपल्या हद्दीत दारूला थारा नाही. मग नदीपलीकडे मॅकेल घराण्याच्या जमिनीवर १९०१ मध्ये डन ग्लेन हॉटेल उभं राहिलं आणि राहिलेली सगळी हौस तिथे भागली. तिथला पोकरचा एक डाव म्हणे सलग चौदा वर्षं चालला. मला ही शुद्ध थाप वाटते, पण थाप मारावी तर अशी. हॉटेल १९३० मध्ये जळालं. त्या वर्षीच्या जनगणनेत गावात ४६२ माणसं होती.

माझे वडील भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते, म्हणून असेल, मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती कोळशाच्या टॉवरखाली. १९२२ चं काँक्रीटचं धूड, पोटात पाचशे टन कोळसा मावायचा. इंजिन खाली येऊन उभं राहिलं की वरून घसरंडी सोडायची, कोळसा आपल्या वजनाने टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात. पण वाफेच्या इंजिनाचं तेवढ्यावर भागत नाही. त्याला पाणी पाजा, राख काढा, बॉयलर धुवा, वंगण घाला. एका इंजिनामागे किती हात राबायचे ते मी वडिलांच्या तोंडून ऐकलंय. थर्मंडची चूल त्या हातांवर पेटत होती.

१९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली. त्यांना ना कोळसा लागे, ना दर थोड्या अंतरावर पाणी. यार्डातली कामं गेली, मागोमाग माणसं. खाणीही एकेक करून बंद पडत गेल्या, पण मला खरा घाव डिझेलचाच वाटतो. भुसावळलाही वाफ गेलीच. तिथे विजेची इंजिनं आली आणि शेड राहिलं. थर्मंडला बदल्यात काहीच आलं नाही. २००० मध्ये सात माणसं उरली होती.

आता गावाचा बराचसा भाग नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे आहे. जुनं स्टेशन दुरुस्त करून १९९५ मध्ये पर्यटकांसाठी खुलं केलं. न्यू यॉर्क–शिकागो ‘कार्डिनल’ ही प्रवासी गाडी आठवड्यातून तीनदा इथून जाते आणि कुणी चढणारं-उतरणारं असेल तरच थांबते. मालगाड्या मात्र धडधडत निघून जातात. रूळ जिते आहेत, फोटोच्या नादात त्यांच्यावर उभे राहू नका.

जायचं असेल तर रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, नदीवरचा पूल एकेरी आणि रेल्वेला चिकटून. मोठी गाडी नेऊ नका. दुकान-हॉटेल काही नाही, डबा बरोबर ठेवा.