आत या, पाऊस आला!
आज दुपारभर भाची आणि मी कूलरसमोर. बाहेर नागपूरचं ऊन, कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्लिक करत वाचायची गोष्ट: घानातल्या अशांती लोकांच्या लोककथांमधला जाळं विणणारा कोळी, अनान्सी. जगातल्या साऱ्या गोष्टी आकाशदेव न्यामेकडे. त्या हव्या असतील तर अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या पकडून आणायच्या! माश्यांच्या पानावर तिनं पाण्यावर क्लिक केलं, सरी कोसळल्या, आणि माश्या भोपळ्यात शिरू लागल्या. "आत या, पाऊस आला!" ही ओरडून त्यांना सांगतेय. तेच पान अकरा वेळा. अनान्सीची खोट्या पावसाची युक्ती तिनं स्वतःच्या बोटानं केली होती ना!

आधीच्या एका गोष्टीत मात्र कुठंही क्लिक केलं की बेडूक नाचायचा, मांजर शिंकायची. पोरगी खूप हसली, पण गोष्ट काय होती ते तिला सांगता येईना. क्लिक केल्यानं गोष्ट पुढं सरकायला हवी, असं मला फार वाटतं.

गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी हा कोळी जमैकापर्यंत पोचवला, नुसता तोंडातोंडी. हे सांगताना माझाच आवाज दाटला.

तेवढ्यात आई आली. "मले बी दाखव." पाहून झाल्यावर म्हणाली, "लय बेरकी आहे बाप्पा हा कोळी!" आणि मग तिनं चिऊ-काऊची गोष्ट सुरू केली.

"चिऊताई चिऊताई, दार उघड."

भाचीनं आजीच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. क्लिक.

"थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे."

पुन्हा क्लिक.