बाराची पाऊणपट : ऐरोलीच्या खाडीत एक सकाळ

होडी किती वाजता सुटते, हे विचारायला आदल्या दिवशी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर गेले होते. तिथल्या होडीवाल्या काकांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या द्वादशी ना ताई? बाराची पाऊनपट नऊ. नऊला भरती भरनार. साडेनऊला या, पानी उतरायला लागलं की पक्षी दिसतील."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं, त्याचा चंद्राशी काही संबंध नसतो. ऐरोलीत राहायला येऊन अकरा वर्षं झाली, तरी हा हिशेब मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

बरोबर भाचा होता. आठवीत आहे. त्याला विज्ञान प्रदर्शनासाठी मानवी उत्क्रांतीचा तक्ता करायचा होता आणि त्याने तो जवळजवळ संपवलाही होता. डावीकडे वाकलेलं माकड, उजवीकडे भाला घेतलेला ताठ माणूस, मध्ये चढती रांग. खाली ठळक अक्षरांत, 'जंगलं आटली, माणूस झाडावरून गवताळ माळावर उतरला.' मी शाळेत हेच वाक्य पाठ केलं होतं. तीस वर्षांत त्याचा कानामात्राही बदललेला नाही.

"मावशी, फ्लेमिंगोंचा माझ्या तक्त्याशी काय संबंध?" जेट्टीकडे जाताना तो कुरकुरत होता. लाकडी वाटेच्या दोन्ही बाजूंना तिवरांची गर्दी, खाली चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. पाण्यात आणि पाण्याबाहेर, दोन्हीकडे जगणारा मासा. मी त्याला म्हटलं, आधी होडीत बस.

फेब्रुवारीतली ती सकाळ होती. वर उच्चदाबाच्या तारा, मागे पारसिकचा डोंगर, समोर मुलुंड-भांडुपच्या इमारती आणि त्यांच्या मागे येऊरच्या रांगा धुरकट दिसत होत्या. वास येतोच, उगाच कशाला लपवा. दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी या खाडीत येतं. पहिला अर्धा तास काहीच दिसलं नाही. मग पाणी उतरलं, गाळाची एक करडी पाठ वर आली, आणि तिच्या कडेला गुलाबी रेघ दिसली. जवळ गेल्यावर कळलं, रेघ नव्हे, हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो. चोच उलटी करून सगळे गाळ गाळत होते. काकांनी इंजिन बंद केलं.

ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. इथे येणाऱ्यांत बहुसंख्य लहान रोहित. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, गुलाबी रंगही त्यातलाच. भारतात ते कच्छच्या रणात अंडी घालतात. पण या जातीचं जगातलं सगळ्यात मोठं प्रजननस्थान आहे टांझानियातलं नॅट्रॉन सरोवर. पाणी इतकं अल्कधर्मी की त्याचा सामू (pH) दहाच्या वर जातो. हा सगळा पूर्व आफ्रिकेच्या खचदरीचा (रिफ्ट व्हॅलीचा) भाग, आणि भाच्याच्या तक्त्यातली निम्मी मंडळी याच दरीतून आलेली. त्याच टापूतल्या ओल्डुवाईच्या घळीत १९५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना मानवकुळातली सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची कवटी मिळाली. तेव्हा तिथे असंच एक खारं सरोवर होतं, आणि त्याच्या आसपास गोड्या पाण्याचे झरे. दगडी हत्यारं सापडतात ती मुख्यतः अशा पाण्याच्या आसऱ्याने. माळ होताच, पण माणसाचे पूर्वज माळावर उभे राहून भाला परजत नव्हते. ते काठाकाठाने जगत होते.

नॅट्रॉनच्या दक्षिण काठाला एंगारे सेरो नावाची जागा आहे. ज्वालामुखीच्या राखेचा चिखल वाहून आला, त्यावरून माणसं चालली, चिखल वाळून दगड झाला. चारशेहून अधिक पावलं आहेत तिथे, आपल्याच जातीच्या माणसांची, साधारण १९,००० ते ६,००० वर्षांपूर्वीच्या काळातली. त्याहून कितीतरी जुनी टांझानियातल्याच लेटोलीची पावलं, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. त्यांची गोष्ट भाच्याला फार आवडली. १९७६ मध्ये तिथले काही संशोधक संध्याकाळी परतताना हत्तीची वाळलेली लीद एकमेकांवर फेकून मस्ती करत होते. एकजण चुकवताना आडवा पडला आणि नाकासमोर राखेच्या थरात प्राण्यांचे ठसे! माणसाच्या पूर्वजांची वाट दोन वर्षांनी सापडली. राख पडली, वर पाऊस शिंपडला, ती घट्ट झाली, पुन्हा राख पडली, म्हणून ते टिकलं.

आमच्यासमोरच्या गाळावरही ठसे होतेच. रोहितांचे पडदेवाले पंजे, तुतारी पक्ष्यांची बारीक नक्षी, खेकड्यांच्या रेघोट्या. काका म्हणाले, "रात्री नऊला सगला पुसून जानार."

"पण मग माळावर उतरला हे चूक की बरोबर?" भाचा मुद्द्यावर आला. त्याला तक्ता दुरुस्त करायचा कंटाळा होता, हे उघड होतं.

मी म्हटलं, 'उतरला' हेच अडचणीचं आहे. इथिओपियात सापडलेली आर्डिपिथेकस, मानवकुळातली एक प्राचीन जात, ४४ लाख वर्षांपूर्वीची. ती जमिनीवर दोन पायांवर चालायची, पण पायाचा अंगठा फांदी पकडण्यासारखा बाजूला. तिच्याबरोबर माकडांचे आणि जंगलातल्या झाडांचे जीवाश्म मिळाले. तिथे झाडी किती दाट होती यावर वाद आहे, पण उघडा माळ नक्की नव्हता. म्हणजे दोन पाय आधी, माळ नंतर. गवत वाढत गेलं हेही खरं, आणि ते दातांत लिहिलेलं असतं.

इथे मला माझी ज्वारी कामाला आली. ज्वारी, बाजरी, ऊस ही उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या जातकुळीतली पिकं, त्यांची कार्बन धरायची तऱ्हा भातापेक्षा वेगळी. त्यांत जड कार्बनचं प्रमाण जास्त, आणि ते खाणाऱ्याच्या दातांच्या लुकणात, म्हणजे वरच्या कठीण थरात, उतरतं. माझे दात तपासले तर भाकरी सापडेल, काकांचे तपासले तर भात. मासळीने मात्र हिशेब थोडा बिघडतो, समुद्रातल्या माशांतही जड कार्बन जास्त असतो. याच पद्धतीने पॅरँथ्रोपस बॉइसी या आपल्या नामशेष नातलगाचे दात तपासले. जबडा अवाढव्य म्हणून त्याला कवच फोडणारा समजत होते, निघाला गवत आणि लव्हाळ्यांवर जगणारा.

काका हसले. "म्हंजे तुमच्या तोंडात सोलापूर, आमच्या तोंडात खाडी."

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे मानववंशशास्त्रज्ञ रिक पॉट्स गेली कित्येक वर्षं मांडत आहेत ते मला यात सगळ्यात पटतं. एक विशिष्ट परिसर नव्हे, परिसराचं सतत पालटणं माणसाला घडवत गेलं. पृथ्वीच्या आसाच्या डोलण्याने साधारण वीस-तेवीस हजार वर्षांच्या फेऱ्यांत पूर्व आफ्रिकेतली सरोवरं भरायची आणि आटायची. केनियात ऑलॉर्गेसायली इथे लाखो वर्षं एकाच घाटाच्या हातकुऱ्हाडी सापडतात. मग हवामान फार अस्थिर झालं, आणि ३,२०,००० वर्षांपूर्वीपर्यंत तिथली माणसं लहान, नेटकी पाती बनवायला लागलेली. त्यासाठी काळा काचदगड दुरून आणायची. बहुधा दुसऱ्या टोळ्यांशी देवाणघेवाण होती.

आणि आमची ही खाडी तरी कुठे कायमची आहे? सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. म्हणजे होडी जिथे उभी होती तिथे कोरडं खोरं, आणि किनारा कुठच्या कुठे पश्चिमेला. १८८० मध्ये सुरू झालेली मुंबईची प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे उभेच्या उभे निघाले होते. येऊरच्या रांगेपलीकडे कांदिवलीला १९३० च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला दगडी हत्यारं मिळाली. त्यांच्या मालकांनी या बाजूला पाहिलं तेव्हा इथे पाणी होतं की जंगल, हे त्या त्या वेळच्या समुद्रावर अवलंबून.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "चढती रांग पुसू? मध्ये पाणी काढू?" मी म्हटलं, काढ. निळा खडू आहे का, तेवढं बघ.

परतताना जेट्टीच्या पायऱ्या चिखलाने बरबटलेल्या होत्या. भाच्याचा पाय घसरला आणि अख्खा बूट गाळात गेला. ओढून काढला, मागे मोठा खड्डा राहिला. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि काकांना विचारलं, "उद्या किती वाजता?"

"त्रयोदशी," काका दोर बांधत म्हणाले. "तूच कर हिशेब."

त्याने बोटांवर केला. "पावणेदहा."