करारातलं बाळ

सोयीच्या लग्नाच्या इंग्रजी कादंबऱ्या मी मन लावून वाचते. नायक गडगंज. ग्रीक जहाजमालक, इटालियन बँकर, नाहीतर लंडनमध्ये काचेच्या इमारतीत बसून कंपन्या विकत घेणारा कुणीतरी. त्याचे भाऊ-वहिनी अपघातात जातात आणि मागे एक तान्हं बाळ राहतं. वहिनीची बहीण म्हणते, बाळ मी सांभाळणार. हा म्हणतो, ते आमच्या घराण्याचं आहे. थोडी वादावादी झाली की तो टेबलावरून कागद पुढे सरकवतो. बाळासाठी लग्न करू. नावापुरतं, अमुक मुदतीचं, प्रेमाबिमाची भानगड नको.

शेवट मुखपृष्ठावरच कळलेला असतो. मला उत्सुकता असते ती लेखिका पैशाचं काय करते याची.

कारण या गोष्टीत पैसा हीच मोठी अडचण आहे. एवढ्या श्रीमंत माणसाच्या घरी बाळ आलं तर तो काय करील? दिवसाला एक नॅनी ठेवील, रात्रीला दुसरी, आणि पाळणा वाड्याच्या पलीकडच्या टोकाला हलवील. मग हे दोघं भेटणार कुठे? लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून सूप पीत? अशाने प्रेम जमत नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत नॅनीला वाटेतून दूर करावं लागतं. तिला फ्लू होतो, तिची आई आजारी पडते किंवा बर्फ पडून रस्ते बंद होतात. एका कादंबरीत तर नॅनी नायकावरच डोळा ठेवते आणि नायिका तिला हाकलते. हे मला जरा आळशीपणाचं वाटलं. बर्फ बरा.

नॅनी गेली की रात्रीचे दोन वाजतात आणि बाळ भोकाड पसरतं. इथे लेखिकेचा कस लागतो. समोरचा माणूस श्रीमंतांच्या कुठल्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, बाळाला काही सोयरसुतक नसतं. डायपरची पुढची बाजू कुठली, नायकाला कळत नाही. झबल्याची टिचबटणं लावत तो खालपर्यंत येतो तर शेवटी एक बटण जास्तीचं उरतं; म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. नायिका दुधाचा थेंब मनगटावर टाकून बघते आणि बाटली त्याच्याकडे देते. ढेकर काढायला तो बाळाला खांद्यावर घेतो आणि ते त्याच्या महागड्या शर्टावर गुळणी टाकतं. तो चिडत नाही. बस, तिचं लग्न इथे लागतं. चर्चमधलं आधीच उरकलेलं असतं.

हिशोबाने पाहिलं तर लेखिकेचाही नाइलाज असतो. अशी कादंबरी साधारण 50 हजार शब्दांची. एवढ्याशा जागेत दोन अनोळखी माणसांना करारावरून संसारापर्यंत न्यायचं, तर त्यांना एकाच खोलीत जागं ठेवणारं कुणीतरी हवं. बाळ ते काम फुकटात करतं.

या कथानकाला एकेकाळी कायद्याचाही टेकू होता. इंग्लंडमध्ये दत्तक घेण्याचा कायदा आला 1926 साली. त्यात एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक हवी असेल तर काही विशेष कारण असल्याचं कोर्टाला पटवून द्यावं लागे, आणि दोघांनी मिळून दत्तक घ्यायचं तर ते नवरा-बायकोच हवेत. नायकाला लग्नावाचून गत्यंतर नव्हतं म्हणा ना. पुढे 2002 च्या कायद्याने लग्न न केलेल्या जोडप्यांनाही वाट मोकळी करून दिली. आता नायकाच्या वकिलाने म्हणायला हवं, ‘साहेब, लग्नाची काही गरज नाही.’ पण या कादंबऱ्यांतला एकही वकील तोंड उघडत नाही. फी घेतो आणि करार टाइप करून देतो.

बाळाच्या बाबतीत मात्र लेखिका फार सैल सोडतात. माणसाकडे बघून हसायला बाळाला जन्मानंतर दीड-दोन महिने लागतात. इथे पंधरा दिवसांचं बाळ नायकाला ओळखून हसतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परका माणूस दिसला की बहुधा ओठ काढतं. इथे ते दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावतं. अशा पानावर मी पुस्तक मिटून चहा करायला उठते.

त्याहून खटकतं ते मेलेल्यांचं. एका वाक्यात ते जातात आणि पुन्हा कुणी त्यांचं नाव काढत नाही. खरं तर त्या घरात दोन माणसं सुतकात आहेत. तिची बहीण गेलीय, त्याचा भाऊ. आणि पाळण्यातल्या पोराची हनुवटी थेट बहिणीची आहे. दूध पाजताना तिची नजर रोज तिथे जाणार. कधीतरी त्याला बाळाच्या कपाळावर भावाचा भोवरा दिसणार आणि तो काही न बोलता खोलीबाहेर जाणार. ज्या मोजक्या लेखिका हे लिहितात, त्यांच्या पुस्तकात लग्न सोयीचं होतं हे आपण विसरतो. बाकीच्यांत शोकाची जागा समुद्रकाठचा बंगला घेतो.

मग उपसंहार. दोन वर्षं उलटलेली, तिला दिवस गेलेले, करार कधीचा फाडलेला, आणि पहिलं बाळ बागेत फुलपाखरामागे धावतंय. नॅनीचा फ्लू बरा झाला की नाही, तिचा राहिलेला पगार कुणी दिला का, याबद्दल अवाक्षर नाही.